पाया साइटवर, खोल्या फॅक्टरीत

विषय मला दिलाय तो 'मॉड्युलर बांधकामाचे फायदे'. तर फायदेच सांगणार आहे, पण एक आधीच सांगून ठेवतो, हा विषय निघाला की पहिलं वाक्य हमखास येतं ते म्हणजे "स्वस्त पडतं ना हे?" तो मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण सगळ्या फायद्यांत तोच सगळ्यात लटपटता आहे. बाकीचे मात्र भक्कम आहेत.

आधी नेमकं काय ते बघू, कारण फॅक्टरीत बनलेलं काहीही दिसलं की लोक त्याला मॉड्युलर म्हणतात. भिंती आणि स्लॅब सुटे सुटे बनवून साइटवर जोडले तर ती पॅनल सिस्टिम. नुसतं बाथरूम टाइल्स-नळांसकट तयार येतं आणि उचलून आत ठेवतात तो पॉड. आणि आपण आज ज्याबद्दल बोलतोय त्यात अख्खी खोली येते, चार भिंती, वर छत, खाली जमीन, वायरिंग झालेलं, प्लंबिंग झालेलं, खिडकीला काच बसलेली, कधीकधी तर पलंग आणि कपाटसुद्धा आत. ती खोली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ट्रेलरवर चढते, साइटवर क्रेन तिला उचलते, एकावर एक एकाशेजारी एक रचत जायचं, आणि मग पाइपाला पाइप, वायरला वायर जोडायची. बाहेर बनवायचं आणि जागेवर जोडायचं ही कल्पना काही कालपरवाची नाही. लंडनच्या हाइड पार्कमधला क्रिस्टल पॅलेस, म्हणजे प्रदर्शनासाठीची काचेची भली मोठी इमारत, १८५१ चा, त्याचे लोखंडी खांब-तुळया आणि काचा बाहेर तयार होऊन आल्या आणि जागेवर फक्त जोडल्या गेल्या, आणि नंतर तो सोडवून सिडनहॅमला नेऊन परत उभासुद्धा केला.

आता वेळ. आपण चुकीचा क्रम करणाऱ्याला 'आधी कळस मग पाया' म्हणून हसतो, पण इथे खरोखरच कळस आणि पाया एकाच वेळी चालू असतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. नेहमीच्या बांधकामात सगळं एकामागे एक असतं, खोदाई संपल्याशिवाय पाया नाही, कॉलम भरल्याशिवाय स्लॅब नाही, स्लॅबचं शटरिंग निघाल्याशिवाय खाली वीटकाम नाही, प्लास्टर वाळल्याशिवाय रंग नाही, आणि मध्येच पाऊस आला की सगळेच हात बांधून बसलेले. मॉड्युलरमध्ये साइटवर जेसीबी माती काढत असतो तेव्हा फॅक्टरीत सातव्या मजल्याच्या बाथरूमला टाइल्स लागत असतात. गवंडी जास्त वेगाने काम करतो म्हणून वेळ वाचतो असं नाही हो, दोन कामं शेजारी शेजारी चालतात म्हणून वाचतो. मॅकिन्सी या सल्लागार कंपनीच्या २०१९ च्या अहवालात प्रकल्पाचा वेळ २० ते ५० टक्के कमी होऊ शकतो असं म्हटलंय, आणि त्यातला 'होऊ शकतो' हा शब्द नीट वाचायचा, त्याच्याकडे मी येतोच.

उदाहरण द्यायचं तर मला अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोचं हिल्टन पालासिओ देल रिओ हॉटेल फार आवडतं. १९६८ साली तिथे हेमिसफेअर नावाचं जागतिक प्रदर्शन भरणार होतं, तारीख पुढे ढकलणं शक्यच नव्हतं. खालचे मजले नेहमीच्या पद्धतीने बांधले, आणि वरच्या खोल्या, एकूण ४९६, काँक्रीटच्या, फर्निचरसकट दुसरीकडे बनवून आणल्या आणि ४६ दिवसांत जागेवर बसवल्या. ते हॉटेल आजही चालू आहे. याच्या उलट वुहानचं २०२० मधलं हॉस्पिटल, हजार खाटा, साधारण दहा दिवस, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत आणि प्रत्येक क्लायंट तेच दाखवून विचारतो की त्यांना जमलं तर तुम्हाला का नाही. ते साथीच्या वेळचं काम होतं, हजारो माणसं रात्रंदिवस लावलेली, त्यावरून आपल्या कामाचं वेळापत्रक आखायचं नाही.

दुसरा फायदा दर्जाचा, पण "फॅक्टरीत क्वालिटी चांगली" असं मोघम बोलण्यात अर्थ नाही, का चांगली ते बघितलं पाहिजे. बाथरूमचंच घ्या. साइटवर बाथरूम म्हणजे पाच वेगवेगळ्या टोळ्या. एकजण वॉटरप्रूफिंग करून जातो, दुसऱ्या दिवशी प्लंबर येतो, त्याला पाइप दोन इंच सरकवायचा असतो, तो त्याच वॉटरप्रूफिंगवर छिन्नी चालवतो, टाइलवाला वरून टाइल लावून सगळं झाकून टाकतो, आणि गळती कळते कधी, तर लोक राहायला आल्यावर, खालच्याच्या छताला ओल आली की. मग साप गेला आणि भुई धोपटत बसायचं. फॅक्टरीत तेच बाथरूम स्टँडवर उचलून ठेवलेलं असतं, म्हणजे खालून वाकून बघता येतं. टाइल लावायच्या आधी पाणी भरून ठेवतात आणि खाली टॉर्च मारून सांधे बघतात, थेंब दिसला तर माल तिथून पुढे सरकतच नाही. भिंतसुद्धा तिथे उभी बांधत नाहीत, टेबलावर आडवी झोपवून बनवतात, चौकट पक्क्या साच्यात अडकवलेली असते त्यामुळे काटकोन साच्यानेच दिलेला, ओळंबा धरणाऱ्याच्या मूडवर नाही. वायरिंगसाठी नंतर भिंतीला झिरी मारावी लागत नाही कारण पाइप आत टाकूनच वरची शीट बंद होते. आणि एकच माणूस तेच काम शेकडो वेळा करतो, त्याचा हात बसतो. हे साधं वाटतं पण साइटवर माणसं सारखी बदलत असतात, तिथे हात बसायलाच वेळ मिळत नाही.

यातूनच सुरक्षिततेचा मुद्दा येतो, ज्याबद्दल ब्रोशरमध्ये एक ओळ असते आणि माझ्या मते तो पहिल्या पानावर हवा. बांधकामात माणसं मरतात ती बऱ्याच देशांत सगळ्यात जास्त उंचीवरून पडून. परांचीवर, स्लॅबच्या कडेला, पट्टा न लावता. फॅक्टरीत तेच काम जमिनीवर, उजेडात, छपराखाली होतं, सातवा मजलासुद्धा कमरेच्या उंचीवर बनतो. क्रेनने रचताना धोका असतोच, नाही असं नाही, पण तो थोड्या दिवसांचा आणि थोड्या माणसांपुरता. शेजाऱ्यांनाही सुख, धूळ कमी, आवाज कमी, राडारोडा कमी, कारण शीट आणि पाइप मापात कापून उरलेले तुकडे पुढच्या खोलीला वापरता येतात. चालू हॉस्पिटलला किंवा शाळेला नवीन विंग जोडायची असेल तर याला तोड नाही, सुट्टीत खोल्या बसवून मोकळं व्हायचं.

आता तो 'होऊ शकतो'. हा वेळ फुकट मिळत नाही, त्याची किंमत आधी मोजावी लागते, निर्णयांच्या रूपात. फॅक्टरीत पहिली चौकट कापायच्या आधी स्विचबोर्ड कुठे, टाइल कुठली, दरवाजा कुठल्या बाजूला उघडणार, एसीचं पाणी कुठून जाणार, सगळं ठरलेलं पाहिजे. ड्रॉइंग फ्रीझ म्हणजे फ्रीझ. "बघू, साइटवर ठरवू" हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य इथे चालतच नाही. ऐंशी खोल्या बनून झाल्यावर मालकाला बेसिन डाव्या बाजूला हवंसं वाटलं तर ऐंशी खोल्या फोडाव्या लागतील. बरेच जण याला तोटा म्हणतात, मी याला फायदा म्हणतो, कारण निर्णय लांबवल्याने जे पैसे जातात ते नेहमीच्या कामातही जातच असतात, फक्त ते कुठे दिसत नाहीत.

आणि दुसरी अट म्हणजे सांधा. मॉड्युलरमध्ये खोली कधी फसत नाही, फसतो तो दोन खोल्यांमधला सांधा. क्रेनला लटकलेली पंधरा-वीस टनांची खोली खाली येते, चार कोपऱ्यांवर चार माणसं दोऱ्या धरून उभी, खालच्या खोलीच्या कोपऱ्यावर पिन असते आणि वरच्याच्या कोपऱ्याला भोक, पिन भोकात गेली की लेव्हल बघायची, कमी पडलं तर स्टीलची पातळ पट्टी सरकवायची, मग प्लेट आणि बोल्ट. प्रत्येक मजल्याला दोन-तीन मिलिमीटर चुकले आणि कोणी तिथल्या तिथे सुधारले नाहीत तर वीस मजल्यांवर ते चार ते सहा सेंटिमीटर होतात, आणि मग वरच्या खोलीचा ड्रेनेज पाइप खालच्या पाइपाला भेटतच नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ४६१ डीन स्ट्रीट या इमारतीची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. ३२ मजले, ९३० मॉड्यूल, म्हणजे फॅक्टरीत बनलेल्या अशा खोल्या, काम सुरू झालं २०१२ च्या डिसेंबरात, अपेक्षा होती २०१४ पर्यंत संपेल अशी, आणि लोक राहायला आले २०१६ मध्ये. खोल्या नीट जुळेनात, पाणी शिरलं, मग डेव्हलपर आणि कॉन्ट्रॅक्टर कोर्टात. आणि त्याच्या बऱ्याच आधी, १९६८ मध्येच, लंडनला रोनन पॉइंट नावाचा टॉवर, तो पॅनलचा होता, अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर गेली आणि त्या कोपऱ्यातले मजले पत्त्यांसारखे खाली आले, चार माणसं गेली. पॅनल एकमेकांना पुरेसे बांधलेलेच नव्हते. तिथून पुढे नियम बदलले, एक आधार गेला तरी भार दुसऱ्या वाटेने खाली गेला पाहिजे हा विचार डिझाइनमध्ये सक्तीचा झाला.

सिंगापूरने हे सगळं पचवून पुढे नेलं असं मला वाटतं. तिथे २०१४ पासून काही सरकारी जमिनी विकतानाच मॉड्युलर पद्धतीची अट घालायला लागले. क्लेमेंट कॅनपी म्हणून ४० मजल्यांचे दोन टॉवर २०१९ मध्ये पूर्ण झाले, १८६६ काँक्रीट मॉड्यूल, त्यांचे सांगाडे मलेशियात ओतले आणि आतली फिटिंग सिंगापूरच्या फॅक्टरीत केली.

एक फायदा असा आहे जो सगळे कागदावर लिहितात आणि फार थोडे खरा करून दाखवतात, तो म्हणजे खोली काढून दुसरीकडे नेता येणं. टोकियोचा नाकागिन कॅप्सूल टॉवर, १९७२, १४० कॅप्सूल म्हणजे छोट्या खोल्या, दर पंचवीस वर्षांनी बदलायच्या असं ठरलेलं. एकही बदलली नाही, कारण खालची काढायची तर आधी वरच्या काढाव्या लागणार, आणि मालक सगळे वेगवेगळे. शेवटी २०२२ मध्ये इमारतच उतरवली. याच्या उलट अंटार्क्टिकावरचं ब्रिटिशांचं हॅली सहा हे संशोधन केंद्र, त्याचे आठ मॉड्यूल स्कीवर उभे आहेत, बर्फाला भेग पडायला लागली तेव्हा २०१६-१७ च्या उन्हाळ्यात ते सोडवून ओढत २३ किलोमीटर आत नेऊन परत जोडले. फरक एवढाच की हॅलीवाल्यांनी सोडवायचं कसं ते बांधायच्या आधी ठरवलं होतं.

आता पैसे. फॅक्टरीचं भाडं, मशीन, पगार हे काम असो नसो चालूच राहतात, म्हणून ऑर्डर सलग हवी. इमारतींचे भाग फॅक्टरीत बनवणारी कटेरा नावाची अमेरिकन कंपनी २०१५ मध्ये निघाली, प्रचंड पैसा उभा केला, आणि २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यामुळे स्वस्ताई कुठे मिळते, तर एकसारख्या खोल्या भरपूर असतील तिथे, हॉटेल, होस्टेल, हॉस्पिटलचे वॉर्ड, आणि जिथे साइटवर मजुरी महाग किंवा माणसंच मिळत नाहीत तिथे. प्रत्येक खोली वेगळ्या आकाराची असेल, मोठा हॉल हवा असेल, तर नेहमीच्या पद्धतीनेच बांधा, उगाच हट्ट नको. शिवाय मॉड्यूल म्हणजे बहुतेक पोकळीच, ट्रकचं भाडं तुम्ही त्या पोकळीचंही भरता, आणि रस्ता जेवढी रुंदी जाऊ देईल तेवढीच खोली रुंद, साधारण चार मीटरच्या आसपास गाडी अडते. म्हणून मी आर्किटेक्टला पहिली रेघ मारायच्या आधी सांगतो की फॅक्टरीपासून साइटपर्यंत एकदा स्वतः गाडीने जाऊन या, पुलांची उंची मोजा, वळणं बघा, वरून गेलेल्या तारा बघा आणि क्रेन कुठे उभी राहणार ती जागा शोधा, खोलीचं माप त्यानंतर ठरवू.