माळ्यावरचा देव

अ‍ॅमस्टरडॅममधला हा जुना कालवा, आउडेझाइड्स फोरबुर्गवाल, आणि हे ४० नंबरचं घर. शेजारच्यांसारखंच, उंच नि अरुंद. टूरिस्टांची नजर पुढच्या लाल दिव्यांच्या खिडक्यांवर, इथे मान वर करून बघणारे कमीच.

१६६१ मध्ये यान हार्टमन या व्यापाऱ्याने हे घर आणि त्याच्या पाठची दोन अशी तीन घरं घेतली. माणूस जर्मनीहून आलेला. हा त्याचा दिवाणखाना, काळी-पांढरी फरशी, पिळाचे खांब लावलेली शेकोटी, पाहुण्याला पैसा दिसलाच पाहिजे! पण हार्टमन होता कॅथलिक, आणि १५७८ पासून शहराचा कारभार प्रोटेस्टंटांच्या हातात, कॅथलिकांना उघड प्रार्थनेची बंदी.

आता जिना चढूया. इतका अरुंद की कॅमेरा आधी वर पाठवावा लागला, मग आम्ही. वळणावर हा भिंतीतला पलंग, कपाटासारखा, जेमतेम एक माणूस मावेल, पाद्र्याने पाठ टेकायची ती इथेच.

आणि वर आलं की एकदम हे. अख्खं चर्च! तिन्ही घरांचे माळे जोडून घेतलेत, मधली जमीन कापून दोन्ही बाजूंना सज्जे काढलेत आणि ते सज्जे वरून लोखंडी सळ्यांनी टांगलेत, नीट बघा, सळ्या दिसतायत. वेदीवरचं चित्र याकोब द विटचं, १७१६ चं. खांब संगमरवरी वाटतात ना, लाकूड आहे, रंगवलेलं. आणि डावीकडच्या खांबाच्या खालच्या भागातून हे बाहेर काय फिरतंय? व्यासपीठ! प्रवचन झालं की परत आत ढकलायचं, जागाच नाही ना.

याला 'गुप्त चर्च' म्हणतात, पण गुपित बिपित काही नव्हतं, रविवारी एवढी माणसं एका घरात शिरताना शेजाऱ्यांना दिसत नसणार होय? रस्त्यावरून चर्च दिसायला नको एवढीच अट, आणि अधिकाऱ्यांचे हात ओले करायचे. याला सहिष्णुता म्हणायचं असेल तर म्हणा बुवा. हार्टमननंतर घर चक्क यान रेन्स्ट या प्रोटेस्टंट व्यापाऱ्याकडे गेलं, त्यानेही वरचं चर्च चालू ठेवलं, भाडं येत होतं की.

१८८७ मध्ये स्टेशनजवळ सेंट निकोलसचं मोठं चर्च उघडलं, मंडळी तिकडे गेली, घर पाडायचं घाटत होतं ते काही कॅथलिकांनी विकत घेतलं, १८८८ मध्ये म्युझियम झालं.

व्यासपीठ मात्र अजून फिरतं. हे बघा, परत आत गेलं.