चार-चारचे गठ्ठे

(पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात, वेबसाइटचं काम नुकतंच सुरू केलेल्या मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती काढून शब्दांकन केलं आहे.)

बाहेर पाऊस आहे, गाडी लावायला जागा नाही, तरी एवढे जण आलात. तेव्हा प्रस्तावना करत नाही. एक चूक सांगतो. माझीच.

लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानाची वेबसाइट मी काही वर्षांपूर्वी केली होती. पहिल्या पानावर ‘नवीन आवक’ म्हणून कॅरूसेल होता, म्हणजे कार्डांची आडवी सरकणारी पट्टी; दर पाच सेकंदांनी ती आपोआप पुढे जायची. साड्या बारा. लॅपटॉपवर एका ओळीत चार छान बसत होत्या, म्हणून मी एचटीएमएलमध्येच, म्हणजे पानाच्या मूळ सांगाड्यातच, चार-चारचे तीन गठ्ठे बांधले. एक गठ्ठा म्हणजे एक स्लाइड. प्रत्येक गठ्ठ्यात बूटस्ट्रॅप या मांडणीच्या तयार संचाची बारा कॉलमची ग्रिड, म्हणजे रकान्यांची चौकट. मोठ्या पडद्यावर एका कार्डाला तीन कॉलम, मोबाइलवर पूर्ण बारा. काम संपलं, बिल पाठवलं.

दोन दिवसांनी मालकांचा फोन. “अहो, तुमच्या त्या पानावर साडी बघता बघता पळून जाते हो.” मी लॅपटॉपवर बघितलं, सगळं जागच्या जागी. मग फोनवर उघडलं. चारही कार्डं एकाखाली एक. एक कार्ड साधारण ४०० पिक्सेल उंच, म्हणजे एक स्लाइड १६०० पिक्सेल. गिऱ्हाईक अंगठ्याने खाली सरकत तिसऱ्या पैठणीपाशी पोचलं, की पाच सेकंद संपायचे आणि पैठणीच्या जागी नारायणपेठ यायची. त्यात शेवटच्या गठ्ठ्यातली एक साडी विकली गेली, मालकांनी ती काढून टाकली. तिथे तीनच उरल्या. त्या स्लाइडची उंची ४०० ने कमी झाली, आणि खाली लिहिलेला दुकानाचा पत्ता दर पंधरा सेकंदांनी वर उडी मारून परत खाली जायला लागला. पुण्यात पत्ता सापडणं आधीच मुश्कील, त्यात तो उड्या मारणार.

‘एका स्लाइडमध्ये किती’ हा आकडा मी एचटीएमएलमध्ये कोरून ठेवला, इथे घोळ झाला. तो आकडा रुंदी ठरवते, आणि ती रुंदी लिहिणाऱ्याला माहीत नसते. आजचं सगळं बोलणं याच एका मुद्द्याभोवती आहे.

हा गठ्ठ्याचा मोह येतो कुठून, तर ‘स्लाइड’ या शब्दातून, असं मला वाटतं. आपल्याकडे १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला सुरुवात केली. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा. खरोलिका आणि कॅरूसेल कानाला भाऊ-भाऊ वाटतात, पण तो योगायोग; नातं जोडत बसू नका. पुढे कोडॅकचं कॅरूसेल यंत्र आलं, गोल ट्रेमध्ये ८० स्लाइड बसायच्या. या सगळ्या यंत्रांत स्लाइड ठरलेल्या मापाच्या आणि पडदा एकच. वेबवर शब्द आला तो ही समजूत पाठीवर घेऊनच आला. मे २०१० मध्ये इथन मार्कॉट या वेब डिझायनरने ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारं पान, हे नाव रूढ केलं. तरल ग्रिड, लवचिक चित्रं आणि मीडिया क्वेरी असे तीन घटक मांडले. आपण पान तरल केलं. कॅरूसेल मात्र काचेचाच राहिला.

आता बांधायला घेऊ. बारा साड्यांची एकच यादी, साधी यूएल आणि एलआय, म्हणजे एचटीएमएलमधली यादी आणि तिच्यातल्या नोंदी. गठ्ठा नाही, स्लाइड नावाचा डबा नाही. त्या यादीला डिस्प्ले ग्रिड द्या आणि ग्रिड-ऑटो-फ्लो कॉलम करा. आता ग्रिड खाली न वाढता उजवीकडे वाढते. ओव्हरफ्लो-एक्स ऑटो, म्हणजे जे मावत नाही ते आडवं सरकवता येतं. स्क्रोल-स्नॅप-टाइप एक्स मँडेटरी, आणि प्रत्येक कार्डाला स्क्रोल-स्नॅप-अलाइन स्टार्ट. झाला कॅरूसेल. जावास्क्रिप्टची एक ओळ नाही. बोटाने सरकवला की कार्ड बरोबर कडेला येऊन थांबतं. ग्रिड २०१७ च्या मार्चमध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी तिन्हींत महिन्याभरात आली, आणि हे स्नॅपही २०१९ पर्यंत तिन्हींत आलं होतं. तरी आपण अजून लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, शोधतो.

राहिली कार्डाची रुंदी. इथे थोडं थांबू, कारण इथेच सगळे घसरतात. यादी १२०० पिक्सेल रुंद आहे आणि चार कार्डं दाखवायची आहेत. पहिला हात जातो तो २५ टक्क्यांकडे. पण मध्ये १६ पिक्सेलचे तीन गॅप आहेत. चार कार्डांचे १२०० आणि गॅपचे ४८, म्हणजे १२४८. चौथ्या साडीचा पदर ४८ पिक्सेलनी कापला गेला. म्हणून आधी गॅप वजा करायचे आणि मग भागायचं: १२०० वजा ४८, भागिले ४, उत्तर २८८. सीएसएसमध्ये, म्हणजे मांडणीच्या नियमांत, हे कॅल्कने लिहा, ब्राउझरलाच गणित करू द्या, आकडा स्वतः काढून टाकू नका.

आता ‘पुढे’चं बटण. चार कार्डांचं एक पान, तेव्हा एका क्लिकला पूर्ण रुंदी म्हणजे १२०० पिक्सेल सरकवायचं, असं वाटतं ना? पाचवं कार्ड १२१६ वर सुरू होतं. कारण चौथ्या कार्डानंतरही एक गॅप आहे. तुम्ही १२०० सरकवलंत की पहिल्या क्लिकला १६ चुकलात, दुसऱ्याला ३२. बारा साड्यांत कोणाच्या लक्षात येत नाही. शंभर वस्तू टाका, दहाव्या क्लिकला सगळं १६० पिक्सेल तिरपागडं झालेलं असतं, आणि दोष दिला जातो ब्राउझरला. स्क्रोल-स्नॅप असेल तर ही चूक तो स्वतः गिळतो. ट्रान्सफॉर्मने पट्टी ढकलणाऱ्या जुन्या पद्धतीत तुम्हालाच हिशोब ठेवावा लागतो.

मोबाइलवर किती कार्डं? मी म्हणतो, एक आणि थोडं. ३६० चा फोन, दोन्हीकडे १६ ची जागा, उरले ३२८. कार्डाला ८० टक्के द्या, म्हणजे २६२. गॅप १२. मग पुढच्या साडीचा जवळजवळ ५४ पिक्सेलचा काठ दिसत राहतो. तो काठच सांगतो की अजून आहे. दुकानदार घडी घातलेल्या साड्यांचे काठ बाहेर दिसतील अशीच चळत लावतो, त्याला कोणी ठिपके आणि बाण लावायला शिकवलेलं नसतं.

पण हे ‘फोन असेल तर’ विचारायचं कोणाला? सवयीने आपण मीडिया क्वेरी लिहितो, म्हणजे खिडकीची रुंदी विचारतो. आता हाच कॅरूसेल लेखाच्या बाजूच्या ३०० पिक्सेलच्या पट्टीत टाका. खिडकी १४०० ची आहे, म्हणून तो बिचारा चार कार्डं दाखवायला जातो, प्रत्येकी जेमतेम ६३ पिक्सेलची. टिळक रोड किती रुंद आहे ते मोजून माडीवरच्या खोलीत कपाट घ्यायचं, असा हा प्रकार. मोजायची खोली! त्यासाठी कंटेनर क्वेरी आहे, ती खिडकीऐवजी बाहेरच्या डब्याची रुंदी विचारते; २०२२ मध्ये क्रोम आणि सफारीत आली, फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये. कॅरूसेलच्या बाहेरच्या डब्याला कंटेनर-टाइप इनलाइन-साइझ द्या आणि आतल्या यादीला सांगा: डबा ६०० च्या वर गेला तर दोन, ९०० च्या वर गेला तर चार. लक्षात ठेवा, डबा स्वतःला प्रश्न विचारू शकत नाही, आतल्यांनी विचारायचं. म्हणून बाहेरचा डबा वेगळा आणि ग्रिडची यादी वेगळी लागते. दोन्ही एकाच घटकावर टाकून ‘चालत नाही’ म्हणणारे मला आठवड्याला एक तरी भेटतात.

आता ज्याने माझी एक अख्खी रात्र खाल्ली तो प्रकार. पानाची ग्रिड दोन कॉलमची: डावीकडे २४० पिक्सेलचा फिल्टर, उजवीकडे १ एफआर, त्यात कॅरूसेल. उघडलं तर पानच आडवं पळतंय. उजवा कॉलम ३२५२ पिक्सेल. हा आकडा आला कुठून, तर २६० ची बारा कार्डं म्हणजे ३१२०, अधिक १२ चे अकरा गॅप म्हणजे १३२. बेरीज बरोबर ३२५२. ओव्हरफ्लो तर दिला होता, मग? १ एफआर म्हणजे ‘उरलेली जागा’ असं आपण धरून चालतो. खरं म्हणजे तो मिनमॅक्स ऑटो, १ एफआर असतो. आतला माल ज्याहून आवळता येत नाही, त्याच्याखाली तो कॉलम जात नाही. मी ओव्हरफ्लो दिला होता आतल्या यादीला. ग्रिडचा थेट घटक होता तो बाहेरचा डबा, त्याला नव्हता दिला. त्यामुळे डब्याने यादीची पूर्ण लांबी स्वतःची म्हणून सांगितली आणि कॉलमने ती मानली. लायब्ररी असेल तर आणखी मजा: ती डब्याची रुंदी मोजते, प्रत्येक स्लाइडला तेवढी देते, त्याने डबा रुंदावतो, ती पुन्हा मोजते. उपाय दोन शब्दांचा. कॉलमला मिनमॅक्स शून्य, १ एफआर लिहा, किंवा डब्याला मिन-विड्थ शून्य. आणि मघाचं कंटेनर-टाइप लावलं असेल तर हा त्रास आपोआप जातो, कारण मग डबा आतल्या मालाची रुंदी धरतच नाही. त्याची दुसरी बाजूही आहे: असा डबा मालाच्या मापाने आकसणाऱ्या जागी ठेवलात तर तो शून्य रुंदीचा होऊन नाहीसा होतो.

मराठीचं थोडं वेगळं दुखणं आहे. नमुन्याच्या डिझाइनमध्ये साडीचं नाव दोन छोट्या इंग्रजी शब्दांचं असतं. प्रत्यक्षात येतं ‘लग्नसमारंभासाठी हातमागावरची’. ‘लग्नसमारंभासाठी’ मध्ये तोडायला जागा नाही, म्हणून अरुंद कार्डात तो शब्द बाहेर येतो. ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर दिलंत तर कार्ड आकसतं, पण शब्द ‘लग्नसमारं’ आणि ‘भासाठी’ असा फुटतो, ते वाचवत नाही. मी कार्डाची कमीत कमी रुंदी वाढवतो आणि एक कार्ड कमी दाखवतो. ओळीची उंची १.२ ठेवून ओव्हरफ्लो हिडन केलंत तर खालचे उकार आणि वरच्या वेलांट्या छाटल्या जातात. दीडच्या खाली जाऊ नका.

एका साडीचं नाव एक ओळ, दुसरीचं तीन, आणि मग किमती वरखाली. यावर उपाय सबग्रिड, म्हणजे कार्डाने स्वतःच्या नाही, यादीच्याच ओळी वापरायच्या. यादीला तीन ओळी द्या, चित्राची, नावाची, किमतीची. प्रत्येक कार्ड तीन ओळी व्यापेल आणि ग्रिड-टेम्प्लेट-रोज सबग्रिड घेईल. सगळ्या किमती एका रेषेत. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते घेतलं, बाकीच्यांकडे आधीपासून होतं.

एक बारीकसं. ओव्हरफ्लो-एक्स ऑटो केलं की ओव्हरफ्लो-वाय व्हिजिबल राहत नाही, तोही ऑटो होतो. म्हणून कार्डाखालची सावली आणि कीबोर्डने आल्यावर दिसणारी चौकट कापली जाते. यादीला वरखाली पॅडिंग द्या, तेवढंच उणे मार्जिन द्या.

आपोआप फिरणं? बंद करा. पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणाऱ्या गोष्टीला थांबवायची सोय हवी, असं वेब सुलभतेचे नियम सांगतात. आणि फिरवून मिळतं काय? २०१३ मध्ये एरिक रनयन या वेब डेव्हलपरने अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या वेबसाइटचे आकडे मांडले होते: कॅरूसेलवर क्लिक करणारे सुमारे एक टक्का, त्यातलेही बहुतेक पहिल्याच चित्रावर. साड्यांच्या यादीला तो आकडा जसाच्या तसा लावू नका, ते मोठ्या जाहिरात-चित्राचं मोजमाप होतं. पण मालक ‘फिरतं पाहिजे’ म्हणतील तेव्हा हाताशी असू द्या.

मागून प्रश्न आलाय, दोन ओळींचा कॅरूसेल हवा असेल तर? दोन रांगा द्या, फ्लो कॉलमच ठेवा. मात्र क्रम बघा: पहिलं कार्ड वर, दुसरं त्याच्याखाली, तिसरं वर. डोळा वरची ओळ वाचत जातो, त्याला दिसतं एक, तीन, पाच. साड्यांना चालतं. स्वस्तापासून महाग अशी मांडणी असेल किंवा बातम्या असतील तर नाही चालत, तिथे एकच ओळ ठेवा.

आणि हो, बाणांची बटणं. एप्रिल २०२५ मध्ये क्रोम १३५ ने ती सीएसएसमधूनच द्यायला सुरुवात केली, ठिपकेही. पण आज सगळ्या ब्राउझरांसाठी बटणं हवी असतील तर दहा-बारा ओळींची जावास्क्रिप्ट लिहा, आणि शेवटच्या कार्डावर ‘पुढे’चं बटण निष्क्रिय करायला विसरू नका. त्या दुकानाचं मी तेच विसरलो होतो. मालकांचा दुसरा फोन त्यासाठी आला.