खांदेरीचा दिवा

नमस्कार मंडळी. गोदाकाठी बसून समुद्रातल्या दिव्याची गोष्ट कशाला, असं कुणाला वाटेल. पण दीपस्तंभ समजून घ्यायला नाशिककराला लांब जावं लागत नाही. आपला गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती आहे ना! पाऊस लागला की आपण विचारतो, ‘पाणी कुठवर आलं?’ ‘मारुतीच्या छातीला.’ एवढ्यावर सगळं गाव काय ते ओळखतं. मारुती पूर अडवत नाही. तो जागचा हलत नाही, म्हणून आपल्याला अंदाज येतो.

दीपस्तंभाचंही तसंच. तो समुद्रावर उजेड पाडतो ही समजूत चुकीची आहे. तो फक्त सांगतो, ‘मी अमुक ठिकाणचा.’ बाकीचं तांडेलानं, म्हणजे होडी हाकणाऱ्यानं, ओळखायचं.

अलिबागजवळ थळसमोर खांदेरी बेट आहे. 1679 साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना पाठवून तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही तुटून पडले. कारण बेट मुंबई बंदराच्या वाटेवरच आहे. पुढे 1867 मध्ये इंग्रजांनी याच बेटावर दीपस्तंभ उभारला, आणि मला वाटतं, महाराजांच्या नजरेची याहून मोठी पावती नाही. आज त्याला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यांत हा खांदेरी आहे आणि आपल्या बागलाणातला साल्हेरही.

दिवा उंचावर का, तर पृथ्वी गोल आहे. पाण्यापासून 25 मीटरवरचा दिवा पाण्यालगतच्या डोळ्याला साधारण 18 किलोमीटरवरून दिसतो. बघणारा 5 मीटर उंच डेकवर असेल तर आणखी 8 वाढतात. म्हणजे जवळजवळ पंचवटी ते त्र्यंबक!

पण एवढ्या लांब उजेड पोचवायचा कसा? साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे विखुरतो. तो एका दिशेला वळवायला जाडजूड भिंग हवं, आणि ते उचलणार कोण? फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्यानं भिंगाच्या पोटातली नको ती काच काढून टाकली आणि कडेकडेची वर्तुळं तेवढी ठेवली. 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपस्तंभावर ते भिंग लागलं. मी असं एक भिंग हाताच्या अंतरावरून पाहिलंय. मधोमध डोळा, भोवती काचेच्या कड्यांवर कडी, कांद्याच्या चकतीसारखी. पूर्वी ते घड्याळासारखं वजनावर फिरायचं. रखवालदार दर काही तासांनी वजन वर ओढून घ्यायचा.

भिंग फिरतं म्हणून समुद्रावर झोत येतो, जातो, अंधार होतो. किती झोत आणि किती सेकंदांनी, हे प्रत्येक दिव्याचं वेगळं ठेवतात आणि सागरी नकाशावर छापतात. दोन दिवे दिसले तर दोन्ही दिशांच्या रेघा नकाशावर ओढायच्या. त्या छेदतात तिथे आपलं जहाज.

थळहून खांदेरीला होडीनं गेलो होतो, तेव्हा परतताना अंधारलं. जीपीएस समोर होतं, तरी आमचे तांडेलमामा मागे वळून ओठातल्या ओठात मोजत होते. मी विचारलं, ‘मामा, काय मोजताय?’ ते म्हणाले, ‘थांब जरा, चुकेल.’