पंगत एकच : कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगातलं नेतृत्व

[दृश्य : सातारा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं शहर, सकाळची वर्दळ. कॅमेरा धनिणीच्या बागेकडे वळतो.]

साताऱ्यातल्या या धनिणीच्या बागेत एक बोर्डिंग होतं. मुलं खेड्यापाड्यांतून आलेली. कुणी मराठा, कुणी महार, कुणी मांग, कुणी मुसलमान, कुणी जैन. नोकरचाकर नव्हते. पाणी मुलांनीच भरायचं, सरपण मुलांनीच आणायचं, स्वयंपाकाला पाळीप्रमाणे मुलांनीच लागायचं. आणि भाकरी-आमटी तयार झाली की सगळ्यांनी एकाच पंगतीला बसायचं.

आज हे ऐकताना विशेष वाटत नाही. पण हे बोर्डिंग सुरू झालं १९२४ साली. गावच्या विहिरीवर कुणी पाणी भरायचं आणि कुणी लांब उभं राहायचं, हे तेव्हा जन्मानं ठरत होतं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला अजून तीन वर्षं होती. त्या काळात आपलं पोर या पंगतीत बसवायला आईबाप कचरायचे. सवर्ण तर कचरायचेच, दलित पालकांनाही धास्ती वाटायची.

हे बोर्डिंग काढणारा माणूस म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील. मुलं त्यांना ‘अण्णा’ म्हणायची. पुढे सगळा महाराष्ट्र कर्मवीर म्हणू लागला.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी.]

नेत्याकडे मूल्यं असावीत, असं सगळेच म्हणतात. व्याख्यानांत ऐकायला मिळतं, कार्यालयांच्या भिंतींवर पाट्या लागतात. अण्णांच्या आयुष्यात मात्र मूल्याचं काम फार रोखठोक होतं. कुणी पाणी भरायचं, कुणाशेजारी कोण जेवायचं, देणगी कुणाची घ्यायची आणि कुणाची नाही, हे सगळं त्यातून ठरायचं.

त्याची सुरुवात कोल्हापुरात झाली.

[दृश्य : कोल्हापूर, राजाराम हायस्कूलची इमारत.]

अण्णांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. घराणं जैन शेतकऱ्याचं. वडील सरकारी नोकरीत. शिकायला कोल्हापुरात असताना ते जैन बोर्डिंगात राहत. तेव्हा शाहू महाराजांच्या राज्यात अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं : आंघोळ कर, कपडे बदल, मग आत ये. त्यांनी नकार दिला. बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं.

अंगावर चार तांबे पाणी ओतून घेतलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. पण त्या पाण्याचा अर्थ काय होतो, हे त्या पोराला पक्कं कळलं होतं.

दुसरा प्रसंग याहून जिवावरचा. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातल्या व्यक्तीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं. त्या प्रकरणात जैन समाजातले पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दबाव आला. साक्ष खोटी होती. ते कबूल होईनात, म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं. तिथं इतका छळ झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हा तुरुंग शाहू महाराजांच्या संस्थानातला. आणि दहा वर्षांनी साताऱ्यात जे बोर्डिंग उभं राहिलं, त्याचं नाव ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’! १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधी साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या हस्ते ते नाव रीतसर दिलं गेलं. ज्या दरबारच्या कोठडीत हाल सोसले, त्याच राजाचं नाव मुलांच्या घराला. कारण वसतिगृहं काढून बहुजनांच्या पोरांना शहरात शिकायची सोय करून देणारा पहिला माणूस तोच, हे अण्णा विसरले नाहीत. स्वतःची जखम एका बाजूला आणि कामाची किंमत दुसऱ्या बाजूला ठेवता येणं, हे मला अण्णांच्या नेतृत्वातलं सगळ्यात अवघड वाटतं. खोटं न बोलण्याहूनही अवघड.

[दृश्य : नांगरलेली शेतं, बैलगाडीची वाट, काल्याचं गावठाण.]

मधल्या काळात त्यांनी पोटासाठी बरीच कामं केली. शिकवण्या घेतल्या. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. या फिरतीत त्यांना खेडं आतून दिसलं. कर्ज, रोगराई, आणि कागदावर काय लिहिलंय ते न वाचता उठवलेला अंगठा. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी, सत्यशोधक विचारांच्या मंडळींच्या मेळ्यात, रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. गरिबांना मोफत शिक्षण हा एक हेतू होता. पण निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत एकमेकांबद्दल प्रेम निर्माण करणं, हाही उद्देश पहिल्यापासून लिहून ठेवलेला होता. शाळा काढणारे इतरही होते. शाळेबरोबर बोर्डिंगचा आग्रह धरणारे अण्णा. कारण पाच तास एका बाकावर बसून जात जात नाही. एका चुलीवर रांधून, एका पंगतीत जेवून, एका खोलीत झोपून ती हलू लागते.

[दृश्य : लक्ष्मीबाईंचं छायाचित्र. कॅमेरा स्थिर.]

आता लक्ष्मीबाईंबद्दल. मुलं त्यांना ‘वहिनी’ म्हणत.

वहिनी सधन घरातून आलेल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवऱ्यानं घरात नाना जातींची पोरं आणून ठेवली, तेव्हा त्यांना ते लगेच पचलं असेल असं समजायचं कारण नाही. पण त्यांनी ती पोरं आपली मानली. आजारी मुलाच्या उशाशी बसल्या, नव्या मुलाला सामावून घेतलं. बोर्डिंगला पैसे कमी पडले की एकेक दागिना मोडला जायचा. एकदा अण्णा वर्गणीसाठी बाहेरगावी होते आणि बोर्डिंगातलं धान्य संपलं. मुलं भुकेली. घरात मोडण्यासारखं एकच उरलं होतं. वहिनींनी गळ्यातलं मंगळसूत्र दिलं. त्या दिवशी मुलं जेवली.

ज्या बाईला सौभाग्याचं लेणं म्हणजे काय हे लहानपणापासून शिकवलेलं, तिनं ते नवरा हयात असताना आपल्या हातानं उतरवलं. यावर टाळ्या वाजवून पुढं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. १९३० साली वहिनी गेल्या. संस्थेचं वैभव त्यांनी पाहिलं नाही. अण्णांच्या मूल्याची किंमत मोठ्या प्रमाणात वहिनींनी भरली, आणि कर्मवीरांची कथा सांगताना हा हिशेब मांडलाच पाहिजे. नेता आपल्या निष्ठेपायी घर पणाला लावतो, तेव्हा घरातल्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. वहिनींनी मात्र ते काम नवऱ्याचं म्हणून केलं नाही, स्वतःचं म्हणून केलं. म्हणूनच त्यांना ‘रयत माउली’ म्हणतात.

[दृश्य : वसतिगृहातली मुलं, हातात कुदळ-फावडं. जुनी छायाचित्रं एकामागून एक.]

‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. संस्थेचं बोधचिन्ह वडाचं झाड आणि ब्रीदवाक्य हे. पैसा नाही म्हणून शिक्षण अडलं असं होऊ द्यायचं नाही, पण आयतंही द्यायचं नाही. मुलानं कमवायचं आणि शिकायचं. शेतात राबायचं, दगड फोडायचे, बांधकामावर घाम गाळायचा. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर निघालं. त्याआधी पाचेक वर्षं शिक्षक घडवणारं विद्यालय सुरू झालं होतं, कारण खेड्यात टिकून राहणारा मास्तर खेड्यातूनच यायला हवा, हा अण्णांचा हिशेब. पुढे संस्थेनं पाचशेच्या वर व्हॉलंटरी प्राथमिक शाळा चालवल्या.

संस्था वाढली की तडजोडीचे प्रसंगही वाढतात. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. एका धनिकानं मोठी देणगी देऊ केली, अट एवढीच की कॉलेजला आपलं नाव द्यावं. एक वेळ बापाचं नाव बदलीन, पण शिवाजी महाराजांचं बदलणार नाही, अशा अर्थाचं उत्तर अण्णांनी दिलं, असं साताऱ्यात आजही सांगतात. पैशांची तेव्हा किती चणचण होती, हे ध्यानात घेतलं की त्या उत्तराचं वजन कळतं.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ एकशे एक हायस्कुलं काढण्याचा संकल्प अण्णांनी सोडला. त्याच सुमारास अण्णांच्या परखड बोलण्यावरून मुंबई सरकारची मर्जी फिरली आणि संस्थेचं अनुदान थांबलं. बोलण्याची धार जरा बोथट केली असती तर चाललं असतं. त्यांनी ती केली नाही. संस्था लोकवर्गणीवर तगली. शेवटी गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला, तेव्हा अनुदान पुन्हा सुरू झालं. खेड्यातल्या माणसानं पायली-पायली धान्य दिलं, ते सरकारी शिक्का बघून दिलं नव्हतं. हा माणूस खोटं बोलत नाही, एवढ्या भरवशावर दिलं होतं.

[दृश्य : पुस्तकांचं कपाट, पदवीदान समारंभाचं जुनं छायाचित्र.]

नेतृत्वाची खरी परीक्षा मागं राहिलेल्या माणसांत होते. बॅरिस्टर पी. जी. पाटील या बोर्डिंगातला गरीब मुलगा. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला. वकिलीत पैसा होता. तो परत आला आणि रयतमध्येच मास्तरकी पत्करली, पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. आयुष्य संस्थेला वाहिलेल्या अशा सेवकांची फळीच उभी राहिली. ९ मे १९५९ रोजी अण्णा गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. संस्था थांबली नाही. आज तिच्या सातशेच्या वर शाखा आहेत.

[दृश्य : आजचं विद्यापीठ. ग्रंथालयात, बागेत काम करणारे विद्यार्थी.]

‘कमवा व शिका’ ही योजना आज पुणे विद्यापीठात आणि राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत चालते, अण्णांच्याच नावानं. गावाकडून आलेली मुलं-मुली सकाळी ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काही तास काम करतात, तासावर मोबदला मिळतो, त्यावर मेसचा खर्च निघतो. अनेकांची पदवी यावरच पुरी झाली आहे, आणि योजना चालवणाऱ्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

पण अण्णांच्या बोर्डिंगात पाणी भरायची पाळी सगळ्यांची होती. आज झाडांना पाणी घालणारा मुलगा वेगळा आणि त्याच आवारात गाडी लावून वर्गात जाणारा मुलगा वेगळा. अण्णांचं नाव घेणाऱ्या प्रत्येक कुलगुरूनं आणि प्राचार्यानं त्या दुसऱ्या मुलाच्या हातीही एक दिवस झारी द्यावी, आणि त्या दिवशी आपणही बागेत उतरावं.

[दृश्य : श्रेयनामावली.]