उथळ बंदरात अवजड जहाज: वेग कमी केला की पोटाखाली पाणी वाढतं

नमस्कार. शिप सिम्युलेटर खेळणाऱ्या खूप जणांचं गाडं एकाच जागी अडतं, आणि आज फक्त त्याच जागेबद्दल बोलायचंय. फेरीबोट, टग (मोठी जहाजं ओढणारी-ढकलणारी छोटी बोट), छोटं कोस्टर, सगळं नीट धक्क्याला लागतं. मग एक दिवस पूर्ण भरलेलं बल्क कॅरियर, म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणारं मोठं जहाज, हाती येतं. सव्वादोनशे मीटर लांब, चौदा मीटर ड्राफ्ट. बंदराच्या तोंडाशी आल्या आल्या ते ऐकेनासं होतं. सुकाणू पूर्ण टाकलं तरी वळत नाही, इंजिन बंद केलं तरी थांबत नाही, आणि शेवटी तळ घासतो.

मग लोक कंट्रोलर बदलतात, सेटिंग्ज बदलतात, टग वाढवतात. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा चूक धक्क्याजवळ झालेलीच नसते. ती अर्धा तास आधी, चॅनलच्या (बंदरात शिरायच्या अरुंद जलमार्गाच्या) तोंडाशी, वेग ठरवताना झालेली असते.

(स्क्रीनवर: जहाजाचा आडवा छेद, खाली समुद्राचा तळ)

ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्याखाली किती उतरलंय ते माप. जहाजाचा तळ आणि समुद्राचा तळ यांच्यामध्ये जे पाणी उरतं, त्याला मी आज पोटाखालचं पाणी म्हणणार आहे. सगळा खेळ त्याचाच आहे.

आता हिशेब करू. नकाशात चॅनलची खोली १२.५ मीटर लिहिलीये आणि आपला ड्राफ्ट १४ मीटर आहे. म्हणजे जाताच येणार नाही? थांबा. नकाशातली खोली मोठ्या ओहोटीच्या पातळीवरून मोजलेली असते. त्यात त्या वेळची भरती मिळवायची. भरती साडेतीन मीटर असेल तर पाणी झालं १६ मीटर आणि पोटाखाली राहिले २ मीटर. बऱ्याच बंदरांत ड्राफ्टच्या दहा टक्के पाणी खाली हवं असा ढोबळ नियम धरतात. आपल्याला १.४ मीटर हवं आणि आपल्याकडे २ आहे. मग आत जाऊ या?

इथेच जहाजं रुततात. कारण ते २ मीटर उभ्या जहाजाचे आहेत, चालत्या जहाजाचे नव्हेत.

जहाज पुढे सरकलं की त्याने बाजूला सारलेलं पाणी मागे जायला वाट शोधतं. खोल समुद्रात वाट मोकळी असते. उथळ पाण्यात ते जहाजाच्या पोटाखालच्या चिंचोळ्या फटीतून जोरात वाहतं. पाण्याचा वेग वाढला की दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की जहाज खाली बसतं. याला स्क्वॉट म्हणतात. जहाजात एक किलोही माल वाढलेला नसतो, तरी ते जास्त पाणी घेतं.

किती बसेल याचं डॉ. बॅरस यांनी दिलेलं एक सोपं सूत्र आहे. लांबी, रुंदी आणि ड्राफ्ट यांची एक पेटी कल्पा. त्या पेटीचा किती भाग जहाजाने व्यापलाय तो आकडा घ्या. भरल्या बल्क कॅरियरला साधारण ०.८ धरा. त्याला नॉटमधल्या वेगाच्या वर्गाने गुणा (एक नॉट म्हणजे तासाला साधारण १.८५ किलोमीटर). मोकळ्या उथळ पाण्यात १०० ने भागा, अरुंद चॅनलमध्ये ५० ने. उत्तर मीटरमध्ये येतं.

(स्क्रीनवर: ०.८ × १०० ÷ ५० = १.६)

चॅनलमध्ये १० नॉटने चाललात तर जहाज १.६ मीटर बसलं. पोटाखाली उरले ४० सेंटिमीटर. त्यात एक वळण आलं आणि जहाज एका अंशाने कललं. रुंदी ३२ मीटर असेल तर एका अंशाला एक कड सुमारे २८ सेंटिमीटर खाली जाते. उरले १२ सेंटिमीटर. तळाशी गाळाचा एक उंचवटा असला की संपलं.

आता तेच जहाज, तीच भरती, पण वेग ६ नॉट. ०.८ गुणिले ३६ भागिले ५०, म्हणजे सुमारे ५८ सेंटिमीटर. पोटाखाली १.४२ मीटर. हवं होतं १.४. बसलं गणितात! चार नॉट सोडले आणि एक मीटर पाणी मिळालं. गाळ उपसून चॅनल एक मीटर खोल करायचा तर बंदराला ड्रेजर लावून मोठा खर्च करावा लागतो. तुम्ही थ्रॉटलवर बोट ठेवून तेवढंच पाणी कमावता.

हे फक्त मालवाहू जहाजांचं नाही. ७ ऑगस्ट १९९२ला क्वीन एलिझाबेथ २ हे प्रवासी जहाज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ, कटिहंक बेटापाशी, सुमारे २५ नॉट वेगात खडकावर घासलं. नकाशात दाखवल्यापेक्षा तिथलं पाणी कमी होतं. त्यात भर म्हणजे त्या वेगाला जहाज किती बसेल याचा अंदाज कमी धरलेला होता. अनुभवी कप्तान आणि पायलट (त्या पाण्याचा जाणकार वाटाड्या) दोघेही ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात होते. म्हणून हे सूत्र पाठ करण्यापेक्षा चॅनलच्या तोंडाशी थांबून कागदावर मांडायची सवय लावा.

एक बारकावा इथेच सांगतो. भरतीबरोबर आत येताना प्रवाह मागून ढकलतो. गेममधला आकडा बहुधा जमिनीच्या हिशेबाने मोजलेला वेग असतो. स्क्वॉट ठरतो पाण्यातल्या वेगावर, पण थांबायला लागणारं अंतर ठरतं जमिनीवरच्या वेगावर. गेममध्ये दोन्ही आकडे दिसत असतील तर दोन्ही उघडे ठेवा.

आता प्रश्न असा की तुमच्या गेमला हे सगळं कळतं का? सगळ्यांना कळत नाही. काही गेममध्ये तळ म्हणजे नुसती भिंत असते. लागली की नुकसान, नाही लागली की सगळं खोल समुद्रासारखंच. ट्रान्सओशनसारख्या व्यापाराच्या गेममध्ये मुख्य गोष्ट कंपनी चालवण्याची आहे, धक्क्याला लावणं हा त्यातला एक भाग. ब्रिज कमांड हा मोफत, ओपन सोर्स सिम्युलेटर नौकानयन शिकवण्यासाठीच बनवलेला आहे, त्याचं दिसणं साधं आहे, आणि नकाशा, खोली, भरती यांचा विचार करायची सवय लागायला मला तो फार आवडतो.

स्वतः तपासायची एक पद्धत सांगतो. एकच जहाज, एकच थ्रॉटल. आधी खोल पाण्यात सरळ चालवा आणि स्थिर झालेला वेग लिहा. मग पूर्ण सुकाणू टाकून एक पूर्ण चक्कर मारा आणि तिचा व्यास मोजा. आता तेच सगळं अशा जागी करा जिथे पाणी ड्राफ्टच्या सव्वापटीपेक्षा कमी आहे. खऱ्या जहाजात वेग उतरतो, मागची लाट मोठी होते, इंजिनवर भार येतो आणि वळणाचा व्यास खूप वाढतो, कधी दुप्पटही होतो. गेममध्ये काहीच बदललं नाही, तर तो गेम उथळ पाणी जाणत नाही. तिथे हिशेब तुम्हालाच डोक्यात चालवावा लागेल.

खरे कप्तान हे कुठे शिकतात? संगणकाच्या सिम्युलेटरवर तर शिकतातच. पण फ्रान्समध्ये ग्रनोबलजवळ पोर्ट रव्हेल नावाचं एक केंद्र १९६७पासून चालू आहे. तिथे तळ्यात पंचविसाव्या भागाची जहाजं आहेत आणि कप्तान त्यांत बसून ती चालवतात. आकार २५ पट लहान झाला की वेळ ५ पट भरभर धावते, हे त्यामागचं गणित. निर्णय पाच पट लवकर घ्यावे लागतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपण गेममध्ये उलट करतो. कंटाळा आला की वेळ पळवतो, नेमकी त्याच चॅनलमध्ये जिथे विचार करायला हवा.

आता भरतीकडे येऊ, कारण वेळ निवडणं हे थ्रॉटलइतकंच मोठं हत्यार आहे. मुंबई बंदर डोळ्यांसमोर आणा. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती. आपल्या कोळी बांधवांना हे तिथीवरून तोंडपाठ असतं. मोठ्या उधाणाला इथे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. पण ते एकसारखं चढत नाही. एकूण चढ ३.६ मीटर धरा. पहिल्या तासात साधारण ०.३, दुसऱ्यात ०.६, तिसऱ्या आणि चौथ्यात ०.९-०.९, पाचव्यात पुन्हा ०.६ आणि सहाव्यात ०.३. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं आणि प्रवाहही तेव्हाच सगळ्यात जोरात असतो.

म्हणून चढत्या भरतीत निघा आणि पूर्ण भरतीच्या थोडं आधी धक्क्यासमोर पोहोचा, तेव्हा प्रवाह मंदावलेला असतो. चढत्या भरतीत तळ लागलाच तर येणारं पाणी जहाज उचलेल. पूर्ण भरतीला लागला तर पाणी फक्त उतरणार. आणि उधाणाच्या टोकाला लागला तर तेवढं पाणी पुन्हा मिळायला पुढच्या उधाणाची वाट बघावी लागू शकते.

एव्हर गिव्हन आठवतंय? ४०० मीटरचं ते कंटेनर जहाज २३ मार्च २०२१ला सुएझ कालव्यात अडकलं. ड्रेजरने वाळू उपसली, टग ओढत राहिल्या. २८ला पौर्णिमा होती, आपल्याकडची होळी. २९ला, आपण धुळवड खेळत होतो त्या दिवशी, ते सुटलं. उधाणाच्या पाण्याने त्या दिवशी मोठी मदत केली.

भरती पुरतच नसेल तर? मुंबईत १९१४ साली सुरू झालेल्या, आजच्या इंदिरा डॉकला दरवाजे आहेत. भरतीचं पाणी आत कोंडून ठेवलं की बाहेर ओहोटी असली तरी आतली जहाजं तरंगत राहतात. गोव्याची वाट वेगळी. मांडवी आणि झुआरीतून खनिज बार्जमधून खाली यायचं आणि मोठी जहाजं बंदराबाहेर, खोल पाण्यात उभी राहून भरली जायची. गेममध्ये माल कमी करायची सोय असेल तर तीही वापरा. आपल्या आकाराच्या जहाजाला ड्राफ्ट एक सेंटिमीटर कमी करायला साधारण ६५ ते ७० टन माल उतरवावा लागतो. अर्ध्या मीटरला साडेतीन हजार टनांच्या आसपास.

आता धक्का समोर आला. बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक आडवं ढकलणारा पंखा, ४-५ नॉटच्या वर जवळजवळ काम करत नाही, म्हणून वेग आधीच उतरवलेला हवा. जहाज चालवणारा एकच, उजव्या फिरतीचा (पुढे जाताना मागून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा) पंखा असेल तर रिव्हर्स दिल्यावर मागचं टोक डावीकडे सरकतं. म्हणून शक्य तिथे डावी बाजू धक्क्याला घ्या. थोडा कोन ठेवून जवळ या, रिव्हर्स द्या, मागचं टोक आपोआप धक्क्याकडे येईल.

पण उथळ पाण्यात इथे एक नवी अडचण येते, आणि व्हिडिओंमध्ये ती क्वचितच कुणी सांगतं. भरलेलं जहाज आडवं ढकलताना पलीकडचं पाणी पोटाखालून अलीकडे यावं लागतं. फट अरुंद, म्हणून ते येतच नाही. टग पूर्ण जोर लावतात आणि जहाज हलत नाही. घाबरून जोर वाढवू नका. एकदा ते सरकायला लागलं की त्याच्याबरोबर पाण्याचं प्रचंड वस्तुमानही सरकत असतं, आणि ते थांबवायलाही तेवढाच वेळ लागतो. आडवा प्रवाह असेल तर तोही अशा वेळी खोल पाण्यापेक्षा कितीतरी पट जोराने ढकलतो. शेवटच्या टप्प्यात आडवा वेग ०.२ नॉटच्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे सेकंदाला १० सेंटिमीटर. तोच ०.४ झाला तर फेंडरवरचा, म्हणजे धक्क्याला लावलेल्या रबरी गादीवरचा, आघात चौपट.

(स्क्रीनवर: बांधलेलं जहाज, बाजूला भरतीचा आलेख)

दोर बांधले की गेम 'मिशन पूर्ण' म्हणतो. खऱ्या बंदरात तेव्हा सहा तासांचं दुसरं काम सुरू होतं. ओहोटीला धक्क्यालगत किती पाणी उरेल? बऱ्याच बंदरांत धक्क्यालगतची जागा चॅनलपेक्षा खोल खणलेली असते, ती याचसाठी. पाणी चार मीटर उतरलं की जहाजही चार मीटर उतरतं, म्हणून दोर वेळोवेळी सैल करावे लागतात. त्याच वेळी माल उतरत असेल तर जहाज वर येत राहतं, म्हणजे दोन्ही हालचालींचा मेळ घालावा लागतो. तुमच्या सिम्युलेटरमध्ये दोर हाताळता येत असतील, तर यावेळी मिशन संपल्यावर बाहेर पडू नका. घड्याळ पुढे न्या, ओहोटी येऊ द्या आणि दोरांवरचा ताण बघा. कोणता सिम्युलेटर वापरताय आणि त्या चक्करीचा व्यास उथळ पाण्यात किती वाढला, ते खाली लिहा. आकडे जमले की गेमनुसार तक्ता करून मी पुढच्या व्हिडिओत दाखवतो.