पांढरा साका

मंडळी, टेबलावर दोन बाटल्या आहेत. एकीत नळाचं पाणी आहे. दुसरीत तेच पाणी उकळून, त्यातला प्राणवायू घालवून, गार करून, काठोकाठ भरून बूच लावलेलं. दोन्हींत मी आधी मँगनीज क्लोराइड आणि मग आयोडाइड मिसळलेला अल्कली घातला. पहिलीत तपकिरी साका धरतोय, काकवीच्या रंगाचा. दुसरीत तो पांढुरकाच राहिलाय. पाण्यात प्राणवायू असला की तपकिरी, नसला की पांढरा. विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने 1888 मध्ये ही पद्धत दिली आणि बोटीवर आम्ही अजून तीच वापरतो.

गोव्यात कांदोळीसमोर चौदाएक वाव, म्हणजे सुमारे पंचवीस मीटर, पाण्यात एक ठिकाण आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं 1997 पासून तिथे पुन्हा पुन्हा जाऊन पाणी मोजत आली आहेत. मीही गेलोय. सप्टेंबरात, पाऊस ओसरल्यावर, वरच्या पाण्याची बाटली छान तपकिरी होते. तळाच्या पाण्याची पांढरी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, माझंच काही घालायचं राहिलं. पुन्हा भरली, पुन्हा पांढरी. आणि तळाचं पाणी बाटलीत घेताना सडक्या अंड्यांचा वास आला, तो आजही नाकात आहे.

हे असं का होतं? पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि अरबी समुद्राच्या पोटातलं थंड पाणी उतारावरून चढत किनाऱ्याकडे येतं. त्यात खनिजं भरपूर, प्राणवायू मात्र अगदी कमी. वरून सह्याद्रीच्या नद्या गोडं पाणी ओततात. ते हलकं असल्यामुळे सायीसारखं वर पसरतं आणि हवा खाली उतरू देत नाही. मग ऊन पडलं की शेवाळाच्या सूक्ष्म पेशी फोफावतात, मरतात, तळाशी बसतात. त्या कुजवताना जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात. तो संपला की नायट्रेटवर जगतात, तेही संपलं की सल्फेटवर. तो वास त्या शेवटच्या टप्प्याचा.

यातलं बरंचसं निसर्गाचं आहे, हे मी मुद्दाम सांगतो. याच खनिजांवर आपला बांगडा आणि तारली पोसली जाते. पण म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. दर पावसाळ्यात निसर्गच या पाण्याला कड्याच्या टोकावर आणून उभं करतो. तिथे आपण वरून आणखी नत्र, म्हणजे त्या शेवाळाचंच खाद्य, ओततो. शेतातला पिकाने न घेतलेला युरिया, खाडीत सुटणारं सांडपाणी, धुरातून पाण्यावर उतरणारा नत्र. मुंबईचं मैलापाणी वरळी-वांद्र्याच्या समुद्रात तीन-साडेतीन किलोमीटर आत सोडतात. लांब सोडलं म्हणून त्यातला नत्र नाहीसा होत नाही. नुसता गाळ बाजूला काढूनही होत नाही. त्यासाठी वेगळी प्रक्रिया करावी लागते आणि नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात तिलाच आधी कात्री लागते.

1999 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात या किनारी पाण्यात हायड्रोजन सल्फाइड सापडला. पुढच्या वर्षी दोना पावलाच्या त्याच संस्थेतले शास्त्रज्ञ नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं. याच पाण्यातून नायट्रस ऑक्साइडही भरमसाट निघतो, हेही त्यांनी दाखवलं. वजनाला वजन धरलं, तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट उष्णता धरतो. माणसाचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण वाद मिटेपर्यंत नत्र ओतत राहायचं, हे मला पटत नाही.

आणखी एक. जिथे प्राणवायू संपतो तिथेच कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, उतरतो; तो उतरला की आम्लता वाढते. शिवाय आपल्या धुराने जगभरच्या समुद्राच्या वरच्या थराचा सामू 8.2 वरून 8.1 वर आणलाच आहे. आकडा क्षुल्लक वाटेल, पण आम्लता त्याने पाव हिश्शाहून जास्त वाढली. तिसऱ्यांसारखे शिंपले आणि कालवं चुन्याचं कवच बांधतात. त्यांच्या पिल्लांना ते बांधणं जड जातं. मासा पळून जाऊ शकतो, कालव खडकाला चिकटलेलं असतं.

काळ्या समुद्राचं उदाहरण मला धीर देतं. 1980 च्या दशकात डॅन्यूब नदीतून येणाऱ्या खतांमुळे त्याच्या वायव्येकडच्या उथळ भागात दर उन्हाळ्यात मोठा टापू गुदमरायचा. 1990 नंतर पूर्व युरोपातली शेतीची अर्थव्यवस्था कोलमडली, खत परवडेनासं झालं, आणि काही वर्षांतच तो टापू आक्रसला. कुणी समुद्रासाठी ठरवून केलं नव्हतं. तिथल्या शेतकऱ्यांनी त्याची किंमत मोजली आणि तशी वेळ आपल्या शेतकऱ्यावर यावी असं मी म्हणणार नाही. मुळाशी थोडं थोडं, पीक मागेल तेव्हा खत देणं आपल्याला जमतं. त्यात त्याचेही पैसे वाचतात.

मघाशी बोलता बोलता मी दुसऱ्या बाटलीचं बूच काढून ठेवलं होतं. जवळ येऊन बघा. हवा लागून वरून तपकिरी होत चालली आहे. कांदोळीच्या तळाशी हे व्हायला नोव्हेंबर उजाडतो, प्रवाह उलटावा लागतो. तोवर तिथला खेकडा काय करतो, ते आता प्रश्नोत्तरांत बोलू.