तान्ह्या बाळाच्या रक्तातले चढउतार

भुसावळच्या फलाटावर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या गर्दीत कधीकधी एक आई दिसते, जिच्या कुशीतले बाळ दूध पितानाही धापा टाकते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला अंगणवाडीतल्या तपासणीत त्याच्या हृदयातील दोषाची शंका आलेली असते, आणि आता यावल-रावेरच्या केळीच्या बागा मागे ठेवून तिला चारशेहून अधिक किलोमीटर दूर जायचे असते.

शस्त्रक्रिया पार पडते. त्यानंतर अतिदक्षता विभागात रोज एकच प्रश्न उभा राहतो: बाळाला जंतुसंसर्ग तर झाला नाही ना?

उत्तर सोपे नाही. अशा बहुतेक शस्त्रक्रियांमध्ये हृदय थांबवून बाळाचे रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवले जाते. यंत्राच्या नळ्यांशी आलेला संपर्क आणि शस्त्रक्रियेची जखम यांमुळे शरीरात दाह उसळतो; ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात आणि यकृत सीआरपी नावाचे प्रथिन भराभर तयार करू लागते. निरोगी बाळात लिटरमागे साधारण 10 मिलिग्रॅमच्या आत असणारा सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कितीतरी पटींनी चढतो, आणि तोही एकही जंतू नसताना. म्हणूनच त्या दिवसांतला एकटा आकडा काहीच सिद्ध करत नाही. उतरणीला लागलेला सीआरपी पुन्हा चढू लागला, तर मात्र डॉक्टर सावध होतात.

प्रोकॅल्सिटोनिन थोडे लवकर बोलते. एरवी रक्तात जेमतेम आढळणारा हा घटक जिवाणूंचा संसर्ग पसरला की काही तासांतच वाढतो. शस्त्रक्रियेमुळेही तो वाढतो. पण साधारण पहिल्या दिवसाअखेर शिखर गाठून उतरतो. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल, तर संसर्ग नसतानाही तो चढलेला राहू शकतो. खात्रीचा पुरावा ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, पण त्याला बहुधा एक-दोन दिवस लागतात, आणि तोवर अँटिबायोटिक थांबवून ठेवण्याची जोखीम सहसा कोणी घेत नाही.

परिचारिकेच्या हातातली ही जांभळ्या टोपणाची नळी पाहा. तिच्यात जेमतेम अर्धा मिलिलिटर रक्त आहे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच सुमारे 250 मिलिलिटर, म्हणजे एका पेल्याएवढे असते. म्हणून कोणती तपासणी कधी करायची, हे फार विचाराने ठरवावे लागते.

मग बाळ घरी येते. काही दिवसांनी ते दूध सोडते, अंग तापते किंवा उलट गार पडते, छातीवरचे टाके लाल होतात, आणि आई त्याला घेऊन तातडीने जळगावच्या बालरोगतज्ज्ञांकडे धावते. तिथला सीआरपी 4 येतो. पण काही प्रयोगशाळा हे मोजमाप लिटरमागे देतात, तर काही डेसिलिटरमागे. दुसऱ्या मापातले 4 म्हणजे पहिल्या मापातले 40. आकड्यापुढचे एकक वाचले नाही, तर दुखणे दहापट लहान दिसते. डॉक्टर विचारतात, ‘‘ताई, मुंबईचे कागद आहेत का?’’ आई पिशवीतून फाइल काढते. तारखेनुसार लावलेल्या रिपोर्टांमध्ये बाळाला घरी सोडले त्या दिवशीचा सीआरपी लिटरमागे 12 आहे; जळगावचे 4 मात्र डेसिलिटरमागचे, म्हणजे लिटरमागे 40. बाळाला तिथेच दाखल करून घेतले जाते, आणि कल्चरसाठी रक्त काढण्याची तयारी सुरू होते.